जुन्या घराचा कठडा: यार्डातले तयार खांब, जीआरसी, की साचा काढून ओतलेले?

वेंगुर्ल्याच्या आमच्या घराच्या माडीला दक्षिणेकडे लांब गॅलरी आहे. घर आजोबांच्या वेळचं, 1938 चं. भिंती चिऱ्याच्या, वर कौलं, आणि त्या काळी नवलाचा असलेला सिमेंटचा नक्षीदार कठडा. त्याचे 46 खांब. मधे पोट, वर बारीक मान, खाली चौकोनी बैठक. आमचे गवंडी त्यांना डमरू म्हणतात. त्यातले 13 निकामी झाले होते. काहींच्या माना तुटल्या होत्या, काही उभे चिरले होते आणि भेगेतून गंजाचं तांबडं पाणी खाली बैठकीवर उतरलं होतं. ते बदलायचे ठरल्यावर तीन पर्याय समोर आले. तिन्ही मी हाताळून पाहिले. ज्यांच्या घरी असंच काम निघालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळा कठडा उतरवून नवा बसवायचा असेल तर प्रश्न बराच सोपा आहे. माझं म्हणणं आहे ते थोडे जुने राखून थोडे नवे घालणाऱ्यांसाठी. तिथे नव्याला जुन्याच्या शेजारी उभं राहायचं असतं.

जीआरसी म्हणजे काचतंतू घातलेलं काँक्रीट. नक्षी फार स्वच्छ उतरते, कडा धारदार येतात. कवच सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचं आणि आतून पोकळ, त्यामुळे वजन नाही. आमचा एक जुना खांब दोन हातांनी सांभाळून उचलावा लागे. जीआरसीचा नमुना मी काखेत घालून जिना चढलो. गॅलरी लाकडी तुळयांवर असेल आणि तुळया थकल्या असतील तर हा हलकेपणा सोन्यासारखा आहे. पण पोकळ खांब हातकठड्याचा भार स्वतः पेलत नाही. आत पाइप किंवा काँक्रीटचा गाभा हवा, म्हणजे काम वाढलं. आणि टकटक केलं की डब्यासारखा वाजतो. घरातली मुलं कठड्यावर हात आपटत पळतात. 33 भरीव खांबांमधे 13 पोकळ कुठे बसलेत हे डोळे मिटून कळलं असतं, म्हणून मी तो विचार सोडला. इमारतीच्या उंचावरच्या दर्शनी भागाला, जिथे कुणाचा हात पोचत नाही, तिथे मात्र मी जीआरसीच सुचवेन.

तयार खांब महामार्गालगतच्या यार्डात मिळतात. स्वस्त, हजर माल, संध्याकाळी टेम्पो दारात. आमच्या खांबाच्या बराच जवळ जाणारा घाट मिळाला, म्हणून आधी 6 आणून पाहिले. उंचीत दोन बोटांचा फरक होता, तो खाली पट्टी भरून निभावला असता. पोटाची गोलाई किंचित बसकी होती, तेही एकवेळ चाललं असतं. चाललं नाही ते सांध्याच्या रेघेचं.

साचा दोन फाळक्यांचा असतो. फाळके जिथे जुळतात तिथे खांबावर उभी रेघ उमटते. साचा नवा असताना ती केसासारखी असते. शेकडो वेळा वापरून फाळके सैल झाले की तिचा कंगोरा होतो, आणि दोन अर्ध एकमेकांपासून दोरा-दोन दोरे सरकलेले निघतात. यार्डात, दुपारी बाराच्या उन्हात, मला हे दिसलंच नाही. खांब गॅलरीत नुसते उभे करून ठेवले तेव्हा गवंडी म्हणाला, "ही रेघ आता नाय दिसाची. चार वाजता ऊन इलां काय दिसतली." तसंच झालं. आमच्या गॅलरीत दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून कठड्याच्या लांबीने सरपटत येतं. जुन्या खांबांच्या पोटावर सावली हळूहळू गडद होत जाते, आणि नव्यांवर मधोमध एक रेघ आणि तिच्यापलीकडे एकदम काळोख.

घासून काढू म्हटलं. खांब पक्का झालेला, त्यामुळे ग्राइंडर लावावा लागला. रेघ गेली, पण तिच्या जागी चपटा पट्टा आला, आणि सिमेंटची वरची गुळगुळीत साय निघून आतली वाळू उघडी पडली. ती जागा पाणी जास्त पिते. पावसाची सर येऊन गेली की बाकी खांब वाळतो आणि तेवढा पट्टा ओला, काळा राहतो. रंगाचे दोन हात दिल्यावर डाग लपला, चपटेपणा लपला नाही. कदाचित दुसऱ्या यार्डात साचे नवे असतील, आणि तुमची गॅलरी उत्तरेला असेल तर तुम्हाला हे कधी जाणवणारही नाही. मला मात्र रोज चार वाजता चहा घेताना तेच दिसणार होतं.

मग तिसरा मार्ग धरला: आपल्याच जुन्या खांबाचा साचा काढून तिथेच ओतायचं. सर्वांत धड असलेला एक खांब काढला. त्यावरचे चुन्याचे आणि रंगाचे थर खरवडले. वरून पांढरा, मग पिवळा, त्याखाली निळा, आणि तळाशी नुसतं सिमेंट. थर निघाल्यावर मानेखाली एक बारीक कंगणी, म्हणजे उठावाची कडा, दिसली. ती आमच्या कुणाच्या आठवणीत नव्हती, रंगाखाली बुजून गेली होती. तुटक्या कडा प्लॅस्टरने भरल्या आणि सिलिकॉन रबराचा साचा घेतला, बाहेरून फायबरचं कवच. रेघ इथेही येते, पण केसाएवढी. दुसऱ्या दिवशी साचा उघडल्यावर काँक्रीट हिरवं, म्हणजे अजून कच्चं, असतानाच कार्बोरंडमचा दगड ओला करून फिरवला की ती विरते, आणि सिमेंटची पातळ राबडी चोळली की जागा सापडत नाही.

सळीचा विचार इथे नीट करता आला. जुने खांब गेले ते तिच्यामुळेच: खारं वारं, आत साधं लोखंड, गंजून फुगलं की काँक्रीट फोडतं. किनाऱ्यावरच्या उघड्या कामात सळीवर 45 मिलिमीटर काँक्रीट असावं असं काँक्रीटकामाचं भारतीय मानक आयएस 456 सांगतं. आमच्या खांबाची मानच 65 मिलिमीटरची आहे. सळी अगदी मधोमध ठेवली तरी तेवढं आवरण मिळणं शक्य नाही. म्हणून साधं लोखंड टाळून, खाऱ्या हवेत सहज न गंजणाऱ्या 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची सळी घातली. यार्डातल्या खांबात काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांना ही चिंता कमी.

वाळू धुतलेली नदीची, खडी 6 मिलिमीटरची. एकच साचा, त्यामुळे दिवसाला एक खांब, आणि निघाला की 10 दिवस पिंपातल्या पाण्यात. पहिल्या दोघांच्या खांद्याखाली बुडबुड्यांची भोकं राहिली. तिसऱ्यापासून माल थोडा थोडा भरून साच्याला बाहेरून लाकडी हातोडीने ठोकत गेलो, तेव्हा अंग स्वच्छ आलं. काम महिनाभर चाललं आणि नग यार्डाच्या तिपटीने पडला. 46 च्या 46 करायचे असते तर मलाही दोनदा विचार करावा लागला असता. 13 साठी तो खर्च मला जड वाटला नाही.

रंगाला घाई केली नाही. पावसाळा जाऊ दिला, मग जुन्या-नव्या सगळ्यांना एकदमच सिमेंट पेंट दिला. प्लॅस्टिक पेंट दमट हवेत फुगून पापुद्रे धरतो, हे पडवीच्या भिंतीवर आम्ही पाहिलंच आहे.

घर वारसा यादीत असेल तर यातलं काहीही करण्याआधी परवानगी घ्या. आणि उंची पाहा. जुने कठडे ठेंगणे असतात. आमचा 76 सेंटीमीटरचा आहे, लहान मुलाला तो पुरत नाही. खांब उंच करून घाट बिघडवण्याऐवजी आम्ही हातकठड्याच्या आतल्या बाजूने, जमिनीपासून मीटरभराच्या वर, एक बारीक काळा पाइप नेला आहे. रस्त्यावरून तो दिसत नाही.