"इंडियनच आहे, डोळे झाकून न्या": हत्यारं घेताना होणारी फसवणूक

चिपळूण, कणकवली, सावंतवाडी, कुठल्याही बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात जा आणि "भारतीय बनावटीची पक्कड दाखवा" म्हणा. समोर चार पकडी येतात आणि चारही इंडियनच असल्याचं सांगितलं जातं. गिऱ्हाइकाला देशी माल हवाय हे कळलं की तो शब्द प्रत्येक वस्तूला लागतो. पण खोक्यावर तो नसतो, हत्यारावर नसतो आणि बिलावर तर नसतोच. म्हणून फसवणूक झाली तरी पुढे सिद्ध करता येत नाही.

एका वायरमनने मृगाच्या तोंडावर घेतलेल्या हत्यारांचं काय झालं ते पाहा. आठ इंची पक्कड, ६-७ पासून २०-२२ पर्यंतच्या आठ फिक्स पान्यांचा संच आणि घरच्या बागेसाठी एक कोयता. तिन्ही देशी म्हणून घेतलेली. भाद्रपद येईतो पकडीच्या धारेला खाचे पडले, १२-१३ चा पाना १३ च्या तोंडाला फाकला आणि कोयत्याची धार झावळीच्या देठावर वळली. परत नेल्यावर दुकानदाराने खोकं मागितलं, तर पक्कड सुटीच दिलेली. बिलावर नुसतं "टूल्स" आणि एकूण रक्कम. "इंडियन म्हणून कुठे लिहिलंय ते दाखवा," या प्रश्नाला वायरमनकडे उत्तर नव्हतं.

या तिन्ही वस्तूंचा खोटेपणा काउंटरवरच दिसण्यासारखा होता. त्यासाठी खिशात चार गोष्टी न्याव्यात: सायकलचा जुना स्पोक, एक झिजलेली पण धड कानस, १३ च्या डोक्याचा एक चांगला बोल्ट आणि जमल्यास व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी. चाचणीला नाही म्हणणाऱ्या दुकानातून उठावं, मग ते कितीही ओळखीचं असो.

पक्कड आधी उजेडाकडे धरून मिटवा. जबडे टोकाशी भिडले पाहिजेत आणि तार कापायच्या धारेतून उजेड दिसता कामा नये. मग दोन्ही दांडे आडवे हलवून बघा. रिवेटपाशी खुळखुळ जाणवली तर ती वाढतच जाणार. आता कानशीचा कोपरा हलक्या हाताने कापायच्या धारेवरून ओढा. पाणी दिलेल्या, म्हणजे लाल करून विझवून कडक केलेल्या पोलादावर कानस घसरते, चावत नाही. त्याच पकडीच्या दांड्यावर मात्र ती चावली पाहिजे, कारण दांडा मुद्दाम चिवट ठेवलेला असतो. धार आणि दांडा दोन्हीकडे कानस सारखीच चावली, तर त्या पकडीला पाणी दिलेलंच नाही, वरून फक्त चकाकी आहे. शेवटी स्पोक कापा आणि धारेकडे नीट बघा. बारीक खाच उमटली तर धार मऊ आहे. कपचा उडाला तर पोलाद जास्त कडक होऊन ठिसूळ झालंय. दोन्ही वाईटच, पण कपचा डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून स्पोक कापताना तोंड बाजूला ठेवा.

पकडीच्या मुठीवरच्या प्लास्टिकबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे जिवाशी गाठ आहे. "१००० व्होल्ट" एवढे शब्द रबरी मुठीवर उठवायला साचा पुरतो. चालू लाइनवर काम करायच्या खऱ्या हत्यारावर १००० व्होल्टच्या जोडीला एकात एक अडकलेल्या दोन त्रिकोणांची खूण, निर्मात्याचं चिन्ह आणि उत्पादनाचं वर्ष असतं. नकली मालावर बहुधा आकडा तेवढा असतो. मूठ पिळून बघा, सरकली तर ती नुसती वरून चढवलेली नळी आहे. ती टिच्चून बसलेली असली तरी आत किती विद्युतरोध आहे हे दुकानात कळायला मार्ग नाही. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत ओल्या हाताने काम करणाऱ्याने आधी मेन बंद करावा. असल्या मुठीच्या भरवशावर जिवंत तारेला हात घालू नये.

पान्यांच्या बाबतीत लोक "क्रोम व्हॅनेडियम" (मजबूत मिश्र पोलादाचं नाव) ही अक्षरं बघून पैसे टाकतात. ती अक्षरं कुठल्याही धातूवर उठवता येतात, त्यावरून काहीच ठरत नाही. घडीव पाना आणि ओतीव पाना यातला फरक मात्र दिसतो. घडीव पान्याच्या कडेला साच्यातून बाहेर आलेलं जास्तीचं पोलाद छाटल्याची सरळ, घासलेली पट्टी असते. ओतीव पान्याचा पृष्ठभाग मुलाम्याखालीसुद्धा दाणेदार लागतो, कोपऱ्यात बारीक छिद्रं दिसतात. मग १३ चं तोंड बोल्टवर चढवा. सरळ जावं, पण डुलू नये. व्हर्नियर असेल तर फट मापा. तेरापेक्षा पाव मिलिमीटरहून जास्त भरली तर तो पाना घट्ट बोल्टचं डोकं गोल करणार. बोटीच्या इंजिनावर, विहिरीच्या पंपावर, जिथे खाऱ्या हवेने नट गंजून धरलेला असतो, तिथे असा पाना घसरला की बोटांची सालं निघतात. मऊ पोलादाचा पाना जोर आला की फाकतो, आणि एकदा फाकलेलं तोंड पुन्हा मापात येत नाही.

मुलामाही बघा. चांगल्या पान्यावर क्रोमच्या खाली निकेलचा थर असतो. स्वस्त मालावर नुसता पातळ क्रोम मारलेला असतो आणि तो समुद्राच्या हवेत एका पावसाळ्यात फुगून पापुद्र्याने सुटतो. घाटावर वर्षानुवर्षं टिकलेला संच मालवण-वेंगुर्ल्यात लवकर का गेला, याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. काळी ऑक्साइड केलेली हत्यारं घ्यायची तर तेलाचा हात रोज फिरवावा लागेल.

कोयत्याच्या बाबतीत फसवणूक वेगळी आहे आणि जास्त खोल आहे. आपल्याकडे चांगला कोयता म्हणजे ट्रकच्या कमानपाट्याचा (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा), गावच्या लोहाराने घडवलेला. हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच दुकानात टांगलेला प्रत्येक कोयता "पाट्याचा" म्हणून विकला जातो. त्यातले पुष्कळसे साध्या लोखंडी पत्र्यातून यंत्रावर कापलेले असतात, धारेला सहाण लावून वर काळा रंग मारलेला. ओळख अशी. लोहाराने घडवलेल्या पात्याची पाठ पाच-सहा मिलिमीटर जाड असते आणि तिथून धारेकडे ते सलग पातळ होत जातं, हाताच्या दोन बोटांत धरून पाठीकडून धारेकडे सरकवलं की कळतं. पत्र्याचा कोयता पाठीपासून धारेजवळपर्यंत एकाच जाडीचा असतो आणि शेवटच्या अर्ध्या इंचातच घासून तिरपा केलेला असतो. हातोड्याचे पुसट घाव रंगाखाली दिसतात का, तेही बघा.

पाण्याची परीक्षा इथेही कानशीनेच करायची. लोहार फक्त धारेकडचा इंचभर भाग लाल करून विझवतो, मग परत थोडी धग देऊन पिवळट-तपकिरी रंग धारेवर उतरला की थांबतो. त्यामुळे धार कडक आणि पाठ चिवट राहते. कानस धारेवर घसरली आणि पाठीवर चावली, तर काम बरोबर झालंय. दोन्हीकडे चावली तर तो बहुधा लोखंडाचा पत्रा आहे. दोन्हीकडे घसरली तर अख्खं पातं कडक केलंय, आणि ते जास्त धोक्याचं, कारण कवळ तोडताना फांदीच्या गाठीवर असं पातं तुटून उडतं. शंका राहिलीच तर ओळखीच्या लोहाराच्या किंवा वेल्डरच्या ग्राइंडरवर पाठीचा कोपरा क्षणभर टेकवून घ्या. कमानपाट्याच्या ठिणग्या टोकाला फुटून फुलबाजीसारख्या फांदतात, साध्या लोखंडाच्या लांब, सरळ आणि जवळजवळ न फुटता विझतात.

मूठ शेवटी, पण विसरू नका. पात्याचं शेपूट मुठीच्या पार जाऊन मागे वळवून ठोकलेलं असावं. स्वस्त कोयत्यात ते दोन इंचांवर थांबतं आणि पोकळी लुकणाने भरलेली असते. माडावर चढलेल्या माणसाच्या हातातून पातं सुटलं तर खाली कोण उभं असेल सांगता येत नाही.

छाटणीच्या कात्रीत दोन पाती एकमेकांना सबंध लांबी घासून जातात की मध्येच फट राहते एवढं वहीच्या कागदावर बघावं. आंबा उतरवायच्या झेल्याचंही तेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या नूतन झेल्याचा फायदा देठासकट फळ कापण्यात आहे, चीक सालीवर ओघळत नाही. बाजारातल्या नकलेत पात्याच्या जागी पत्र्याची पट्टी असते, ती देठ कापत नाही, ओढून तोडते. मग चिकाचे डाग पडून पेटीचा भाव जातो.

आता खोक्याकडे वळू. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार पाकिटावर निर्मात्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क हवा. माल आयात केलेला असेल तर मूळ देशाचं नाव हवंच. फसवणूक शब्दांच्या फटीत होते. "निर्माता" असं न लिहिता "विपणन" किंवा "पॅकिंग" लिहून खाली लुधियानाचा पत्ता दिला की वाचणारा लुधियानात बनलंय असं धरून चालतो. तिरंगा, हिंदी नाव, ओळखीच्या ब्रँडच्या नावात एखादं अक्षर बदललेलं नाव, सगळ्याचा उपयोग तोच. आयातदाराच्या मजकुरावर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असेल तर नखाने कोपरा उचलून बघायला लाजू नका. बारकोडवरून तर भलाच गैरसमज आहे. पहिले तीन आकडे ८९० असले म्हणजे तो क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतलाय एवढंच. वस्तू कुठे बनली हे त्यातून कळत नाही. आयएसआय खुणेवर वरच्या बाजूला मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकला की परवाना कोणाचा, कशासाठी आणि चालू आहे की नाही, हे दुकानात उभ्या उभ्या दिसतं. खालचा क्रमांक नसलेली खूण म्हणजे नुसतं चित्र.

सुटा माल विकण्यामागेही हेच कारण असतं. खोकं नाही, म्हणजे वाचायला काही नाही.

बाहेरचा माल सगळा टाकाऊ असतो असं नाही, आणि देशी माल सगळा चांगला असतो असंही नाही. पण देशी म्हणून पैसे घेऊन दुसरंच देणं ही फसवणूक आहे. चांगला देशी माल दुर्मीळ असता तर एक वेळ समजून घेता आलं असतं. नाशिकला टपारियाचा कारखाना आहे, कानशी बनवणाऱ्या जेके फाइल्सचा रत्नागिरीत आहे, पान्या-पकडींसाठी जालंधर आणि लुधियाना आहेत. कंपनीला फोन करून आपल्या जिल्ह्यातला अधिकृत विक्रेता विचारला की ते सांगतात. पुष्कळदा किरकोळ दुकानदारही घाऊक व्यापाऱ्याकडून फसलेला असतो. म्हणून त्याला आधी नीट विचारावं, आणि तो खात्रीने बोलत असेल तर तेच बिलावर लिहून मागावं: ब्रँड, मॉडेल क्रमांक, माप आणि "भारतीय बनावट". खात्री असलेला माणूस लिहून देतो.

बिलात आणखी एक चोरी चालते. कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर जीएसटी वेगळा लावता येत नाही. कोयता, विळा, कुऱ्हाड, फावडं, छाटणीची कात्री अशा शेतीच्या हातअवजारांवर तर जीएसटी शून्य आहे. तरीही सगळ्या रकमेला सरसकट १८ टक्के जोडले जातात. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही.

फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. लेबलाचा दोष असेल तर जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात खोकं घेऊन जा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत ऑनलाइनसुद्धा जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पैसे यूपीआयने दिले असतील तर ते दुकानाच्या नावावर गेले की कुणाच्या खासगी खात्यात, याचा स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार निकालात निघेपर्यंत हत्यार घासू नका आणि लोहाराकडून त्याला पुन्हा पाणीही देऊन घेऊ नका. वळलेली धार आणि फाकलेलं तोंड हाच तुमचा पुरावा आहे. त्याचे शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि हत्यार तेल लावून, खोक्यासकट बांधून ठेवा.