जुने व्हिडिओ गेम विकायचेत? एकगठ्ठा लॉट, छोटे लॉट की सुटे

सांगली-मिरजेच्या कितीतरी घरांत माळ्यावर अजून एक खोकं पडून आहे. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, त्याच्या कॅसेट, पीएस टूच्या (प्लेस्टेशन 2) डिस्क, कुणा मामाने परदेशातून आणलेला, हातात धरून खेळायचा गेमबॉय. ते विकायचं ठरलं की दोन प्रश्न येतात : सगळं एकगठ्ठा द्यावं की सुटं, आणि लिलावाला लावावं की भाव सांगून मोकळं व्हावं? माझं मत आधीच सांगतो. एकाच वस्तूवर किमान दोन माणसं हट्टाला पेटतील तिथेच लिलाव लावा. बाकी माल ठरावीक भावाने काढा.

पण त्याआधी अस्सल आणि नक्कल वेगळं करा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. आपल्याकडच्या ‘9999 इन 1’ कॅसेट परवान्याशिवाय बनलेल्या. ईबे या परदेशी खरेदी-विक्रीच्या साइटवर नकली माल चालत नाही. पीएस टूचंही तसंच, कॉपी चालावी म्हणून चिप बसवलेलं मशीन आणि कॉपी केलेल्या डिस्क घरोघरी होत्या. डिस्क उलटी करून उजेडात धरा. पीएस वनची अस्सल डिस्क खालून काळी असते, पीएस टूची सीडी निळी आणि डीव्हीडी चंदेरी. जांभळट झाक दिसली तर ती बहुधा बर्न केलेली. जुन्या गेमबॉयच्या कॅसेटला मागे 3.8 मिलीमीटरचा खास स्क्रू असतो. तिथे साधा फुलीचा स्क्रू दिसला, तर कॅसेट नकली तरी आहे किंवा कुणीतरी उघडलेली तरी. 2019 च्या महापुरात खोकं भिजलं असेल तर पिनांवरचा हिरवा थर आणि गंज फोटोत स्पष्ट दाखवा. लपवलंत तर माल परत येणार आणि जाण्यायेण्याचा खर्च तुमच्या अंगावर.

आता लॉट. एकगठ्ठा देण्यात सुख मोठं आहे : एक लिस्टिंग, एक पार्सल, एकाच माणसाशी बोलणं. पण तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात हिरव्या मालात काळा मिसळून नेला तर व्यापारी काय करतो, ते आपल्या भागात सांगायला नको. मिश्र लॉटचं नेमकं तेच होतं. घेणाऱ्याला त्यातले दोनच गेम हवे असतात, उरलेले तो फुकटात धरतो आणि वर हलवाहलवीचा त्रास म्हणून भाव आणखी पाडतो. दरवर्षी निघणारे फिफासारखे खेळांचे गेम हा असा भरतीचा माल. त्यांच्यात पोकेमॉनची अस्सल कॅसेट टाकली की तिचीही किंमत बुडाली.

म्हणून मला मधला मार्ग पटतो : एका मशीनचा, एका प्रकारचा, पाच-सहा गेमचा लॉट. गेमबॉयच्या कॅसेटना हा फार शोभतो. त्या हलक्या, परदेशी टपालाला परवडतात. पीएस टूच्या दहा केस मात्र वजनात किलोच्या घरात जातात, त्यामुळे तो गठ्ठा इथेच विकलेला बरा. शिवाय भारतात विकलेल्या पीएस टू डिस्क पाल (PAL) या टीव्ही पद्धतीच्या विभागातल्या. अमेरिकन मशीनवर त्या चालत नाहीत, युरोप-ऑस्ट्रेलियात चालतात. एक अपवाद आवर्जून बाजूला काढा : ‘हनुमान : बॉय वॉरियर’. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने 2009 साली आपल्याकडच्या पीएस टूसाठी काढलेला हा गेम परदेशी संग्राहकाला सहज मिळत नाही. तो लॉटमध्ये घालू नका, सुटाच लावा.

इथे की परदेशात? ईबेची भारतीय साइट 2018 मध्ये बंद झाली, तरी इथून आंतरराष्ट्रीय साइटवर विकता येतं. आयात-निर्यात कोड काढावा लागतो, पैसे पेओनियर या परदेशी पैसे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत येतात, आणि कमिशन मालाबरोबर शिपिंगच्या रकमेवरही कापलं जातं. 29 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी काढली, तेव्हा तिथलं गिऱ्हाईक तो खर्च धरूनच बोली लावणार. एवढा खटाटोप दोन-चार चांगल्या अस्सल गेमसाठी जरूर करावा. साध्या डिस्कसाठी मुळीच नको.

ओएलएक्स किंवा फेसबुकवर खरा लिलाव होतच नाही, घासाघीस होते. तिथे भाव लिहूनच टाका. मशीन, रिमोट आणि चालू कॅसेट असा संच लहानपणाच्या ओढीने घेणारे इचलकरंजी-कोल्हापूरकडेही भेटतील. मात्र नेम धरायच्या गेमची बंदूक संचात असेल तर ती एलसीडी टीव्हीवर चालत नाही, तिला जुना डब्याचा टीव्ही लागतो, हे आधीच सांगा. आणि पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा. पैसे यायला पिन लागत नाही.

ईबेवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम आधीच टाकून ठेवतो आणि साइट गरजेपुरतीच बोली चढवते. म्हणजे एकाची तयारी शंभर डॉलरची आणि दुसऱ्याची वीसची असेल, तर गेम विसाच्या जरा वर सुटतो. भाव ठरवतो तो दुसरा माणूस. म्हणूनच एक डॉलरपासून लिलाव लावण्याचं धाडस फक्त ज्याला हमखास मागणी आहे त्याच गेमवर करा. मागणी आहे का, हे ‘विकलेल्या वस्तू’ असा फिल्टर लावून बघा. लोकांनी मागितलेल्या किमती तिथे कामाच्या नाहीत, झालेले सौदे बघायचे. महिनोन्‌महिने एखादाच विकला जात असेल तर ठरावीक भाव टाका आणि वाट बघा. त्या गेमसाठी आठवडाभराचा लिलाव अंगावर येईल.

लिलाव लावलाच तर शीर्षकाची 80 अक्षरं गेमच्या नावांवर खर्चा. लोक नावानेच शोधतात. आणि सात दिवसांचा लिलाव सोमवारी सकाळी साडेसहाला सुरू करा. तो पुढच्या सोमवारी त्याच वेळी संपेल, तेव्हा अमेरिकेत रविवारची संध्याकाळ असते आणि माणसं घरी बसलेली असतात.