रिव्हर लायब्ररी: विजेच्या वापराचा अंदाज, चालू डेटावर

मीटरमधून मिनिटामिनिटाला आकडा येतोय आणि आपण महिन्यातून एकदा मॉडेल परत ट्रेन करतोय, याला कंटाळून रिव्हर वापरायला घेतली. पायथनची ओपन सोर्स लायब्ररी आहे, २०२० मध्ये क्रेम आणि सायकिट मल्टिफ्लो या दोन लायब्ररी एकत्र होऊन बनलेली. सगळा डेटा एकदम द्यायचाच नाही, नोंद आली की आधी प्रेडिक्ट वन (म्हणजे अंदाज काढ), खरा आकडा हातात आला की लर्न वन (म्हणजे त्यावरून शिक), झालं काम. नोंद म्हणजे साधी डिक्शनरी, नाव आणि किंमत अशा जोड्यांची.

टेस्टला पॅरिसजवळच्या एका घराचा तो सगळे वापरतात तो डेटा घेतला, डिसेंबर २००६ ते नोव्हेंबर २०१०, एकूण २०,७५,२५९ नोंदी. त्यातल्या सव्वा टक्का रिकाम्या आहेत, ते आधी निस्तरा. मी तासातासाची सरासरी काढून घेतली. ऑगस्ट २००८ मध्ये वापर एकदम खाली येतो, घरचे सुट्टीवर गेले असणार. एकदाच ट्रेन केलेलं मॉडेल तिथे महिनाभर चुकत बसतं, रिव्हरचं मॉडेल मात्र हळूहळू खाली उतरतं. पण माणसं परतल्यावर वर चढायलाही त्याला तेवढाच वेळ लागतो हं. सोबत ॲडविन (डेटाचं वागणं बदललं की ओळखणारी पद्धत) लावला तर वापराची सवय कुठे बदलली ते तरी कळतं.

आता मुख्य गोष्ट. मी २४ तास पुढचा अंदाज काढत होतो आणि एरर इतकी कमी आली की खूश झालो, मग लक्षात आलं की उद्याचा खरा आकडा मी मॉडेलला लगेच शिकवत होतो, जो प्रत्यक्षात उद्याच मिळणार! प्रोग्रेसिव्ह व्हॅलिडेशनमध्ये (आधी अंदाज, मग शिकणं, असं करत एरर मोजायची पद्धत) डिले, म्हणजे खरा आकडा मॉडेलला किती उशिरा द्यायचा ते, २४ तास टाकला आणि एरर चांगलीच वाढली, काल याच वेळेला जेवढा वापर होता तेवढाच आज धरला तर जी एरर येते तिच्यापेक्षा जेमतेम बरी. पण हा आकडा खरा आहे. ही सोय तयार मिळते यासाठीच मी हिला पूर्ण मार्क देतो.

स्पीडची अपेक्षा ठेवू नका, एकेक नोंद पायथनमधून जाते, वर्षांचा जुना डेटा चालवायला बराच वेळ लागतो. डेटा फाईलमध्ये पडून असेल आणि बदलणार नसेल तर नेहमीचं बॅच मॉडेलच, म्हणजे सगळा डेटा एकदम देऊन ट्रेन केलेलं, बरं.

आणि मॉडेल रोज पिकल करून (पायथनमधून फाईलमध्ये सेव्ह करून) ठेवा, प्रोसेस बंद पडली की शिकलेलं सगळं जातं, माझं तीन आठवड्यांचं गेलंय.