मिश्र लाकडांचा फिरता ट्रे : पट्ट्या, पाकळ्या की प्लाय?

वास्तुशांतीला किंवा लग्नात देण्यासाठी दोन-तीन रंगांच्या लाकडांचा फिरता ट्रे स्वतः बनवायचे ठरले, की बहुतेक जण आधी रंगसंगती जुळवतात आणि जोडणीचा विचार मागाहून करतात. क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे. ट्रे कोणत्या हवेत राहणार यावर जोडणी ठरवावी, जोडणीवरून लाकडे निवडावीत आणि रंग त्यानंतर पाहावा. पुढील तुलनेत ४०० मिलिमीटर व्यासाचा आणि १८ मिलिमीटर जाडीचा ट्रे गृहीत धरला आहे. सागवानात त्याचे वजन साधारण दीड किलो भरते आणि गोल टेबलावर लोणचे, चटणी, तूप, मीठ व पापडांचा डबा एवढे त्यावर सहज मावते.

पहिली पद्धत समांतर पट्ट्यांची. वेगवेगळ्या लाकडांच्या पट्ट्या कडेला कड लावून चिकटवायच्या आणि त्या फळीतून गोल कापायचा. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही. फुगते आणि आकसते ते आडव्या अंगाने. सर्व पट्ट्यांच्या रेषा एकाच दिशेने असल्यामुळे पावसाळ्यात सगळा ट्रे मिळून आडवा वाढतो आणि उन्हाळ्यात मिळून आकसतो. लाकडातील ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर या मापाच्या सागवानी ट्रेची रुंदी फार तर अडीच-तीन मिलिमीटरने बदलते. गोल किंचित लंबगोल होतो, पण ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. उणीव म्हणाल तर नक्षीला वाव कमी, आणि कडेच्या दोन समोरासमोरच्या भागांत लाकडाची आडकापाची तोंडे येतात, जी तेल किंवा पॉलिश जास्त पितात व गडद दिसतात. तेथे पॉलिश पेपर एक पायरी अधिक बारीक वापरला, तर हा फरक पुष्कळ कमी होतो.

दुसरी पद्धत पाकळ्यांची, आणि छायाचित्रांत मन मोहून घेते ती हीच. आठ पाकळ्या, एक सागवानाची, एक शिसवाची, मध्ये टोके जुळलेली. मात्र आठ पाकळ्यांना सोळा कापलेल्या बाजू असतात. प्रत्येक कापात पाव अंशाची चूक एकाच बाजूला झाली, तर शेवटच्या सांध्यात चार अंशांचा फरक पडतो, म्हणजे कडेपाशी सुमारे १४ मिलिमीटरची फट. चांगल्या करवतीने आणि धीराने हे सावरता येते. हवेचे मात्र सावरता येत नाही. प्रत्येक पाकळीच्या रेषा मध्याकडून कडेकडे जातात, त्यामुळे त्रिज्या तशीच राहते आणि परीघ तेवढा कमी-जास्त होतो. कोरड्या हवेत पाकळ्या अरुंद होऊन एखादा सांधा कडेकडून उघडतो. दमट हवेत त्या कडेपाशी एकमेकींना रेटतात आणि ताण मध्यावर येतो. कोकणात पावसाळ्यात लाकडाचा ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर जातो आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरतो. रत्नागिरीत जुलैमध्ये चिकटवलेला पाकळ्यांचा ट्रे नागपूरला भेट देणे म्हणजे पुढच्या मे महिन्यात तडा भेट देणे होय.

नक्षी हवीच असेल, तर तिसरी पद्धत उजवी ठरते: प्लायवर व्हीनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. आयएस ७१० प्रतीच्या, म्हणजे मरीन, प्लायमधील थर एकाआड एक आडवे-उभे असल्याने ते फारसे हलत नाही, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या व्हीनियरमध्ये प्लायला ओढण्याएवढी ताकद नसते. पाकळ्या, तारा, कमळ काहीही रचा. फक्त खालच्या बाजूलाही व्हीनियर लावावे, नाहीतर ट्रे वाकतो. प्लायची कड लाकडी पट्टीने झाकावी लागते. शिवाय व्हीनियर घासून निघाले, की दुरुस्तीला वाव उरत नाही, उलट भरीव लाकूड दहा वर्षांनीही रंधून नवे करता येते. रोज वापरायच्या वस्तूत मला हा मुद्दा जड वाटतो.

लाकडांच्या बाबतीत सागवान हा आधार धरावा. वाडे पाडल्यावर निघालेले जुने सागवान पुण्याच्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी मिळू शकते. ते मुरलेले असते, फक्त रंधा लावण्यापूर्वी आतले खिळे शोधून काढावे लागतात. सागवान तेलकट असल्याने रंधल्यावर लगेच, किंवा थिनरने पुसून, चिकटवावे. गडद पट्टीसाठी शिसवाला तोड नाही आणि त्याचे आकसणे सागवानाच्या बरेच जवळ आहे. उजळ पट्टीसाठी शिवण व हळदू हे दोन पर्याय. शिवण हलके व मऊ आहे, त्यामुळे शिसवाशेजारी हाताने घासताना ते आधी झिजते आणि पट्टीत बोटाला कळेल असा खोलगट भाग तयार होतो. सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून घासले, तरच हे टळते. हळदू जास्त कठीण असल्यामुळे माझी पसंती त्याला आहे. दोन्हींवर हळदीचा डाग मात्र लगेच उमटतो, म्हणून उजळ पट्टी अरुंद ठेवावी. फणसाचा पिवळा रंग कालांतराने तपकिरी होत जातो. आज सुंदर दिसणारा रंगांतील फरक पुढे टिकेलच असे नाही.

शिसव आणि हळदू शेजारी आले, की आणखी एक अडचण उभी राहते. शिसवाचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेच्या पॉलिशचा पहिला कापडी बोळा पट्ट्यांना आडवा फिरवला, तर हळदूवर जांभळट ओघळ उमटतात आणि ते पुन्हा रंधल्याखेरीज जात नाहीत. बोळा पट्टीच्या दिशेनेच फिरवावा आणि घासल्यावरची लाल भुकटी आधी ब्रशने काढावी.

शेवटच्या लेपासाठी लाखेचे पॉलिश दिसायला सर्वांत देखणे, पण गरम भांड्याने आणि पाण्याने त्यावर पांढरे डाग पडतात; जेवणाच्या टेबलासाठी पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश बरे. अळशीच्या तेलाचा हात घरी देता येतो आणि पुढे पुन्हा देता येतो, मात्र तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेटू शकतात. शेंगदाण्याचे तेल लावू नये. ते सुकत नाही, चिकट राहते आणि खवट होते.

फिरण्यासाठी सहा इंची चौकोनी लोखंडी बेअरिंग पुरते. बैठक फार लहान असल्यास कडेला भरलेली बरणी ठेवताच ट्रे कलतो, म्हणून बैठकीचा व्यास ट्रेच्या निम्म्याहून थोडा जास्त ठेवावा आणि शेवटचे स्क्रू आवळण्यासाठी तिला आधीच भोक पाडून ठेवावे. बारा इंची अ‍ॅल्युमिनियम रिंग अधिक स्थिर असते, पण कडेच्या जवळ आल्यामुळे ती खालून डोकावते.

ट्रे परदेशातील नातेवाइकांसाठी असेल, तर निर्णय बराच सोपा होतो. हिवाळ्यात तापवलेल्या घरांची हवा फार कोरडी असते, म्हणून भरीव पाकळ्या बाद. शिसव आणि शिसम ही दोन्ही लाकडे २०१७ पासून साइटिस या धोक्यातील प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. दहा किलोच्या आतील तयार वस्तूंना सवलत असली, तरी कुरियरच्या खिडकीवर लाकडाचे नाव विचारले जाऊ शकते. अशा भेटीत गडद पट्टी बाभळीच्या गाभ्याची घ्यावी. ती शिसवाइतकी काळसर नसली, तरी सागवानाशेजारी पुरेशी उठून दिसते.