टाकीचा पोचा फुकटात निघाला, तेव्हाच कळायला हवं होतं

३१,८५० रुपये. पूर्ण आकडा इथेच लिहितोय. घरी १८,००० सांगितलाय.

गाडी बाबांची. राजदूत जीटीएस १७५, म्हणजे आपली बॉबी. १९७३ साली सिनेमात ऋषी कपूरने चालवली आणि तिचं खरं नाव सगळे विसरले. बाबांनी १९७६ला घेतली. गेली बावीस वर्षं लालबागला चाळीच्या जिन्याखाली उभी होती. टाकी हलवली की नुसता खुळखुळा.

गंज कसा काढतात ते मला माहीत नव्हतं असं नाही. व्हिनेगर भरून दोन-तीन दिवस ठेवायचं, मूठभर नट आत टाकून हलवायचं, मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं उरलेलं ॲसिड मारायचं. लिंबूसत्त्वानंही होतं. धुतल्यावर लगेच हेअर ड्रायरनं सुकवून आत टू-स्ट्रोक ऑइल फिरवायचं, नाहीतर डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस थर चढतो. पण दहा बाय बाराची खोली, गणपती तोंडावर, आणि मोरीत पेट्रोलचा वास! कोण ऐकून घेईल? म्हणून बाहेर दिली. यात मी काय चूक केली?

मिस्त्री चोरबाजारात भेटला, शुक्रवारी पहाटे. मी हेडलाइटची काच शोधत होतो. गॅरेज कुर्ल्याला. जुन्या टू-स्ट्रोकमधलं त्याला खरंच कळत होतं, हे आजही मान्य करतो. मालाची पारख नसती तर त्यानं नेमकं तेच कशाला उचललं असतं?

गंज काढून आतून लायनिंग, ८,५००. ‘इम्पोर्टेड’ सीलर वेगळा, ३,२५०. कार्बोरेटर ४,६००. इंजिनाचा ॲडव्हान्स १५,०००. पुढचं तुम्हाला पाठ असेल: पार्ट आला नाही, लेथवाला गावाला गेला, फोन बंद, आणि मग अचानक चकाचक टाकीचा व्हिडिओ.

आता ज्यामुळे झोप लागत नाही ते लिहितो. टाकीच्या पोटाला, पेट्रोल कॉकच्या मागे, एक पोचा होता. बाबा खंबाटकीत पडले होते तेव्हाचा. टाकी घ्यायला गेलो, उलटी करून पाहिली, तर पोचा गायब. मी काय म्हणालो असेन? “वा! पोचासुद्धा काढलात?” तो म्हणाला, “तुमच्यासाठी केलं दादा, त्याचे पैसे नाही लावले.” अहो, तिथला पोचा काढायचा तर टाकी कापावी लागते, नाहीतर पत्र्याला पिना वेल्ड करून ओढावा लागतो. हे काम फुकट कोण करतं? पोचा गेला नव्हता, टाकीच गेली होती. आणि मी खूश होऊन वर ५०० रुपये दिले.

खिशात लोहचुंबक होतं. फ्रिजवरचं, मुद्दाम नेलेलं. पण त्यानं कटिंग मागवला, आणि ज्याचा चहा पितोय त्याच्यासमोर चुंबक काढायची लाज वाटली. तुम्ही काढा. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे, म्हणजे खड्डा बुजवायला भरलेली पुटी.

नवव्या दिवशी भारतमाताच्या सिग्नलला गाडी मेली. कॉक उघडला तर जाळीवर दुधाच्या सायीसारखे पापुद्रे. गंज न काढता त्यावरच लायनिंग ओतलेलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, ते पाणी ओढतं. असला थर त्यात काय टिकणार? पोटाची लांबी फुगून पेट्रोल थेट गरम इंजिनावर टपकत होतं. पेटलो नाही, एवढंच.

मग पोलीस. पहिला प्रश्न, “टाकी म्हणजे पाण्याची का काका?” मी सांगितलं, विश्वासानं सोपवलेली वस्तू हडप केली, न्याय संहितेचं कलम ३१६ लागतं, फसवणुकीचं ३१८. “वकील आहात का?” नाही. “मग हा दिवाणी मामला आहे.” दुसऱ्या खेपेला हद्द: राहता लालबागला, गॅरेज कुर्ल्याला, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, पैसे मोबाइलवरून दिलेत ना, मग सायबर हेल्पलाइनला, १९३०ला फोन करा. १९३०वर सांगितलं, ही ऑनलाइन फसवणूक नाही, पोलिसांकडे जा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाइनला मिस्त्रीचा जीएसटी नंबर हवा. ज्याच्याकडे पावतीपुस्तकसुद्धा नाही त्याचा जीएसटी नंबर! तीन रजा गेल्या, आणि हातात फक्त एका साध्या अर्जावरचा शिक्का.

टाकी देण्याआधी आतून-बाहेरून फोटो काढा. कॉकच्या भोकाजवळ सुईनं बारीक खूण करा. ‘इम्पोर्टेड’ म्हणाला की डबा दाखव म्हणा. गंजाचे पैसे आणि इंजिनाचे पैसे एकत्र देऊ नका. टाकी आधी हातात, मग बाकीचं. आणि लायनिंगच्या आधी टाकीत टॉर्च मारून स्वतः बघा, व्हिडिओ नको.

गेल्या आठवड्यात जुन्या वस्तूंच्या एका जाहिरातीत टाकी दिसली. ‘बॉबीची ओरिजिनल, १४,०००, पोटाला किरकोळ पोचा.’ मोबाइल घेऊन चौकीत धावलो. हवालदारानं फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, “तुम्ही आधी विकत घ्या, मग पावती घेऊन या.”

संध्याकाळपर्यंत जाहिरात उडाली होती. पोचा साधारण आठ आण्याच्या नाण्याएवढा आहे, डावीकडे जरा लांबट. कुणाला दाखवायला आणली तर भाव करत बसा, सोडू नका.