‘वहिनी, मीपण फौजीच’

वास्कोच्या आसपास भाड्याचं घर शोधणाऱ्या फौजी कुटुंबांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. आमचे ४५ हजार रुपये गेले. पैशांपेक्षा मोठं नुकसान दुसरंच झालं, त्याकडे येतेच.

हे नौदलात आहेत, मी साताऱ्याकडची. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि हे चौथं गाव. गेल्या वर्षी विशाखापट्टणमहून गोव्याची बदली आली, दाबोळीला आयएनएस हंसावर, म्हणजे नौदलाच्या हवाई तळावर. सासूबाई खूश, "चला, घराजवळ आलात." आजेसासरे असते तर म्हणाले असते, पोरं परदेशी निघाली. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तिथं पोर्तुगीजांचंच राज्य होतं ना. आम्हाला मात्र खरा परदेश वाटला होता तो विशाखापट्टणम. तिथं पहिले सहा महिने मी भाजीसुद्धा बोट दाखवून घेतली. गोव्यात मराठी पेपर मिळेल, बाजारात मराठीत बोललं तर समोरच्याला कळेल, याच आनंदात मी होते. सावधपणा तिथंच सुटला असावा.

नेव्हीचं क्वार्टर लगेच मिळत नाही. यादीत नंबर येईपर्यंत बाहेर राहावं लागतं. हे तेव्हा जहाजावर होते, आठवड्यातून एकदा फोन लागला तर लागला. मुलीच्या शाळेचा दाखला, सामानाचा ट्रक, सगळं माझ्यावर. रात्री मुलगी झोपली की मी मोबाइलवर घरं बघत बसायची.

चिखलीतला दोन बेडरूमचा फ्लॅट दिसला. विमानतळाजवळ, भाडं १४ हजार. (नंतर आम्ही खरोखर घेतलेलं घर याहून लहान आहे आणि १९ हजारांना आहे. पण तेव्हा मला तिथले दर कुठं माहीत होते?) जाहिरातीखाली लिहिलं होतं, ‘फौजी परिवार को प्राथमिकता’. फोन केला तर पलीकडून पहिला शब्द, "जय हिंद भाभीजी." आपण फौजेत आहोत, गोव्यातच पोस्टिंग होतं, आता जम्मूला बदली झालीय, फ्लॅट स्वतःचा आहे आणि तो फौजीच्याच हातात द्यायचाय. मी न मागता त्यानं ओळखपत्राचा फोटो पाठवला, कॅन्टीन कार्डाचा पाठवला, वर्दीतला बायको-मुलासोबतचा पाठवला.

मी तरी म्हटलं, आमचे मिस्टर आल्याशिवाय पैसे देणार नाही. त्यावर तो अजिबात चिडला नाही. "बिलकुल सही बात है," म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाचा फोन. अस्सल मराठी. "वहिनी, मीपण फौजीच. कराडचा. त्याच्याच युनिटमध्ये होतो. माणूस सोन्यासारखा आहे, पण अजून दोन पार्ट्या मागं लागल्यात. तुम्ही आपल्या भागातल्या, म्हणून सांगतोय." कृष्णेचा घाट, मलकापूरचा रस्ता, काय काय बोलला. इतक्या लांब बसलेल्या बाईला ‘आपल्या भागातल्या’ एवढे दोन शब्द पुरतात. लोक म्हणतात, हावेपायी माणूस फसतो. मला हाव नव्हती. मी दमले होते, आणि कुणीतरी आपलं माणूस ओझं हलकं करतंय असं वाटलं.

आधी ५ हजार टोकन. मग डिपॉझिट २८ हजार, दोन महिन्यांचं. बदली झाल्यामुळं फ्रिज आणि वॉशिंग मशीन इथंच सोडतोय म्हणाला, त्याचे १२ हजार. तिन्ही वेळा पैसे पाठवताना मोबाइलवर खातेदाराचं नाव आलं, आणि तिन्ही वेळा ते वेगळं होतं. मी विचारलं. उत्तर आलं, "वो हमारे क्लर्क का है, सरकारी मामला है ना." अकरा वर्षं फौजेत संसार केलेल्या बाईनं हे ऐकून घेतलं! घराच्या भाड्यात सरकारी क्लर्क कुठून येणार?

आम्ही अमरावती एक्सप्रेसनं आलो. (नाव अमरावती असलं तरी आपल्या विदर्भाशी तिचा संबंध नाही, ती आंध्रातली.) दूधसागर बघून मुलगी नाचत होती. वास्कोला उतरलो, सामान आणि मुलीला एका ओळखीच्या ताईंकडे ठेवलं आणि मी पायलटच्या, म्हणजे गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागं बसून चिखलीत गेले. इमारत होती. फोटोतला जिना तोच, फोटोतली तुळस तीच. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. मी बोलायला लागले तशी त्यांनी कपाळावर हात मारला. "हें घर म्हजें. भाड्याक दिवपाचें ना. तूं तिसरी गो." त्यांच्या मुलानं काही वर्षांपूर्वी फ्लॅट विकायला काढला होता, तेव्हाचे फोटो कुणीतरी उचलले होते. "यो, भितर यो, च्या घे," म्हणाल्या. तो चहा मला गिळवेना.

त्याचा फोन अर्थातच बंद. कराडवाल्याचाही.

ताईंनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायला लावला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरली, मग पोलीस ठाणं. तिथल्या माणसानं पहिला प्रश्न केला, पैसे कधी पाठवले? पहिला हप्ता जाऊन तीन आठवडे झाले होते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवून काढून घेतात, त्यामुळं फसल्यावर पहिल्या काही तासांतला फोनच कामाचा. शेवटचे १२ हजार एका खात्यात अडकलेले सापडले, ते बँकेनं गोठवले. ते सोडवायला आम्ही कोर्टात अर्ज केला, तो अजून चालूच आहे. बाकीचे ३३ हजार गेलेच म्हणायचे.

ज्या ताईंकडे उतरलो त्यांचे मिस्टर हंसावरच आहेत. त्या म्हणाल्या, "अगं, मला एक फोन करायचास. स्कूटीवर दहा मिनिटांत बघून आले असते." याला माझ्याकडे उत्तर नाही. बायकांचा ग्रुप होता, नंबर होते. ‘अजून दोन पार्ट्या’ ऐकल्यावर मीच गप्प बसले, दुसऱ्या कुणाला घराचा पत्ता लागू नये म्हणून. हे लिहितानासुद्धा कान गरम होतात. नंतरचं घर घेताना मात्र ताईंनाच पुढं घातलं. त्यांनी मालकाकडून वीजबिल आणि पंचायतीची घरपट्टीची पावती मागून घेतली, दोन्हींवरचं नाव जुळवलं, शेजारच्या दुकानात चौकशी केली. मालकाला राग आला नाही. खऱ्या मालकाला येत नसावा.

आता ते दुसरं नुकसान. गोव्यात भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, ही गोष्ट खरी आहे. या खऱ्या गोष्टीच्या आडून त्यानं यांच्या ओळखपत्राचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि बदलीच्या ऑर्डरची प्रत मागितली. "पुलिस व्हेरिफिकेशन के लिए, भाभीजी." मी पाठवली. ओळखपत्राचा फोटो कुणालाही द्यायचा नसतो हे आमच्या घरात मुलीलासुद्धा पाठ आहे. हे परत आल्यावर त्यांना युनिटला लेखी कळवावं लागलं. मला ते एक शब्दही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवलेही नाहीत.

तेव्हा मला उमगलं की मला दाखवलेलं ते ओळखपत्रसुद्धा कुणातरी खऱ्या जवानाचं असणार. वर्दीतल्या फोटोतली ती बायको, तो लहान मुलगा. त्यांच्याकडूनही असंच कशाच्या तरी नावाखाली मागून घेतलं असेल.

दिवाळीच्या सुमारास यांना फेसबुकवर एका अनोळखी बाईंचा मेसेज आला. नागपूरच्या होत्या. ‘सर, बदली झाली म्हणून तुम्ही स्कूटर विकायला काढलीय ना? कार्ड पाहिलं, पण पैसे भरायच्या आधी एकदा खात्री करून घ्यावी म्हटलं.’ सोबत कार्डाचा फोटो. यांचाच.