मायक्रोकाँक्रीट: पार्किंगमधल्या फुटलेल्या कॉलमसाठी घ्यावं का?

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या पट्ट्यात चाळिशीला आलेली अपार्टमेंट कमी नाहीत. दुरुस्ती निघाली की कोटेशनमध्ये ‘मायक्रोकाँक्रीट’ येतंच, आणि त्यापुढचा आकडा बघून सभासद दचकतात. सिमेंट, बारीक वाळू आणि आकसणं रोखणारी रसायनं असलेलं हे कोरडं मिश्रण बहुधा 25 किलोच्या पोत्यात येतं. पाणी घालून ओतलं की व्हायब्रेटर न लावता सळयांमधून स्वतः वाहत जातं. कॉलमच्या कामाला माल उत्तम आहे. काम बिघडतं ते फोडताना आणि पाणी घालताना.

कॉलम का फुटतो? सळईवरचा काँक्रीटचा थर (कव्हर) कमी, त्यात टाकीचा ओव्हरफ्लो आणि गाड्या धुण्याचं पाणी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट ढकलतो. म्हणून नुसते पोपडे काढून भागत नाही. गंजलेल्या सळईच्या मागे किमान 20 मिमी मोकळं करायलाच हवं, नाहीतर माल सळईला वेढत नाही आणि काही पावसाळ्यांत तीच उभी भेग परत दिसते. फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिन हे रंग दाखवणारं रसायन शिंपडा: गुलाबी झालं तर सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कलीपणा शाबूत, रंग आलाच नाही तर अजून आत जा. ठेकेदार ही चाचणी आपणहून करेल अशी आशा नको.

फोडण्याआधी बीमखाली प्रॉप, म्हणजे टेकू, हवेतच. एका वेळी एकच कॉलम घ्यायचा, शेजारचे दोन एकदम सोलायचे नाहीत.

आता पोत्यांचा हिशेब. 230 × 450 मिमीचा नऊ इंची कॉलम, उंची 2.4 मीटर, चारही बाजूंनी 75 मिमी जाडी वाढवायची, तर सुमारे 300 लिटर माल लागतो. एका पोत्यातून साधारण 12.5 लिटर निघतो, म्हणजे 24 पोती. पोत्यामागे 12.5 किलो धुतलेली, 10 मिमीखालची खडी घातली तर 17 लिटर निघतो आणि 18 पोत्यांत भागतं. एवढ्या जाडीला खडी घालावीच. पैसे वाचतात हे खरंच, पण खरं कारण म्हणजे सिमेंट घट्ट होतानाची उष्णता आणि आकसणं कमी होतं. मात्र धुळीची क्रशर खडी तशीच ओतली तर पकड जाते. (75 मिमी दोन्हीकडून वाढलं की पार्किंगची रुंदी 15 सेंटीमीटरने घटते. गाडीचं दार उघडेल का, ते आधी मोजा. भूकंपासाठी ताकद वाढवायची असेल तर आयएस 15988 या भारतीय मानकाप्रमाणे जाडी किमान 100 मिमी लागते. तो निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, मिस्त्रीचा नव्हे.)

पाणी पोत्याला 3 ते 3.5 लिटरच्या आसपास. नेमका आकडा पोत्यावर असतो. ते मापानेच घाला. मिस्त्री अंदाजाने बादली ओततो, माल मस्त वाहतो, सगळे खूश होतात; पण खडी तळाशी बसते, पाणी वर येतं आणि पृष्ठभागावर जाळीसारख्या भेगा पडतात. कालवायला फावडं नको, ड्रिल मशीनला पॅडल लावा.

जुन्या-नव्या काँक्रीटच्या बाँडिंगसाठी इपॉक्सी हे चिकटवणारं रसायन लावतात, तिथेही एक फसगत आहे. एप्रिल-मेच्या उन्हात इपॉक्सी लवकर सुकतं, शटरिंग (माल ओतायचा साचा) बसवण्यात मात्र तास जातात. सुकलेल्या इपॉक्सीवर माल ओतला तर ते चिकटवण्याऐवजी वेगळं करणारा थरच होतं. एकतर सावकाश सेट होणारं इपॉक्सी घ्या, नाहीतर जुनं काँक्रीट रात्रभर भिजवून, वर पाणी साचू न देता ओता. शटरिंगच्या फटी आधीच बुजवा, कारण हा माल सुईएवढ्या फटीतूनही पळतो. ओतायचं एकाच बाजूने, म्हणजे हवा दुसरीकडून निघते. बीमच्या तळाशी पोकळी राहते, तिथे शटरिंगला वर चोच काढून थोडा जास्त माल भरावा लागतो. शटरिंग उघडल्यावर गोणपाट गुंडाळून किमान सात दिवस ओलं ठेवा.

25 मिमीच्या आतल्या पॅचला किंवा स्लॅबच्या तळाला हे वापरू नका. तिथे पॉलिमर मॉर्टर थराथराने लावतात. आणि जुन्या नाशकातल्या दगड-वीट-चुन्याच्या वाड्यांना तर मुळीच नाही. सराफ बाजारातल्या सरकारवाड्यासारख्या वास्तूचं बांधकाम श्वास घेतं, म्हणजे ओल बाहेर सोडतं. सिमेंटच्या कडक थरामागे ओल आणि क्षार अडकतात आणि वीट भुकटी होऊन झडते. तिथे चुनाच.

खरेदी करताना पोत्यावरची उत्पादनाची तारीख बघा. पावसाळा काढलेलं, गुठळ्या झालेलं पोतं परत करा. बिल ठोक रकमेवर नको, घनफळावर ठरवा आणि रिकामी पोती सोसायटीच्या ताब्यात ठेवायला सांगा. 18 पोत्यांच्या बिलामागे 11 रिकामी निघाली, तर उरलेल्या जागेत काय भरलं ते पैसे देण्याआधीच विचारता येतं.